श्रीपतरावांची कवळी

श्रीपतरावांना खाटेवर घालून वर आणलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की अंगणात जमलेल्या माणसांना आधी खांदेकऱ्यांचे चिखलाने भरलेले पाय दिसले आणि मग खाट दिसली. तुंगार्लीच्या वरच्या अंगाला वाघधोंडीचा कडा आहे. त्याच्या तळाशी ठाकरवाडीच्या गोविंदाला सकाळी शेळ्या चारताना ते मरून पडलेले सापडले होते. गोविंदा श्रीपतरावांच्याच घरी वर्षानुवर्षं राबणारा माणूस. त्याने वाडीतली माणसं गोळा केली, बांबूला खाट बांधली आणि धन्याला घरी आणलं.

"पहाटं फिराया गेलते," श्रीपतरावांचा पुतण्या महिपती येईल त्याला सांगत होता. "मी म्हनलं, आबा, धुकं लय हाय, आज नगा जाऊ. ऐकलं न्हाई."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मुक्ताबाई मात्र पुढे झाल्या आणि त्यांनी चेहरा नीट पाहिला. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली होती. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, आणि बाईंना वाट करून द्यायची सवय गावाला अजून होती. श्रीपतरावांचे गाल आत बसले होते. ओठ तोंडात वळले होते. तोंडात कवळी नव्हती.



त्या कवळीमागची गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती आणि त्यातला एक आता खाटेवर होता. गेल्या हिवाळ्यात श्रीपतराव टोपलीभर आवळे घेऊन मुक्ताबाईंच्या ओसरीवर येऊन बसले होते. बराच वेळ हवापाण्याचं बोलले, मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी एकल्या, मी बी एकला. या वयात संसार कुटं मांडायचाय? सांजच्याला बोलाया कुनीतरी असावं, येवढंच."  वेळ मारून न्यायला मुक्ताबाई म्हणाल्या, "आधी दात तरी बसवून या. तुमचं निम्मं बोलणं मला कळत नाही." त्यांना वाटलं, विषय संपला. पण श्रीपतराव पुण्याला खेपा घालून आले ते तोंडभर दात घेऊन, आणि रस्त्यात दिसेल त्याच्याकडे बघून हसायला लागले. मुक्ताबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. श्रीपतरावांनी मात्र आपण लग्न करणार असं, नाव न घेता, घरात सांगून टाकलं आणि तसं मुक्ताबाईंना कळवलंही. तेव्हापासून तो माणूस गोठ्यात जायचा तरी कवळी घालून जायचा. असा माणूस रिकाम्या तोंडाने फिरायला बाहेर पडेल, हे त्यांना पटेना.

त्या आत गेल्या. श्रीपतरावांची विधवा बहीण भामाबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. चूल विझवलेली होती. पलीकडच्या खोलीत, खिडकीतल्या पितळी वाटीत पाण्यात कवळी पडलेली होती.

"रात्री काढून ठेवायचे ना?" मुक्ताबाईंनी हळूच विचारलं.

भामाबाईने नुसती मान हलवली.  मुक्ताबाईंच्या ध्यानात एवढंच आलं की ती रडत नव्हती. ती घाबरलेली होती.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. मुक्ताबाईंनी ते काम अंगावर घेतलं. रोज दुपारी पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन त्या चढ चढायच्या. गुडघे दुखायचे, पण त्या घरात जाऊन बसायला कारण मिळायचं. गाठोडं उचलायला सीताराम असायचा. त्याचं बाजारात चिक्कीचं दुकान होतं. ते मुलांच्या हाती दिल्यापासून त्याला करायला काही उरलं नव्हतं, आणि मुक्ताबाईंच्या शेजारी राहत असल्यामुळे त्याला नाही म्हणायलाही जमत नव्हतं. भित्रा माणूस. भाद्रपदातलं धुकं बाधतं म्हणून कानाला मफलर आणि हातात कायम मोठी काळी छत्री.

"बाई, तुम्ही त्या रहस्यकथा वाचणं सोडा," तो वाटेत म्हणाला. मुक्ताबाई भाड्याच्या वाचनालयातून रहस्यकथा आणतात आणि पोथीच्या बासनात गुंडाळून वाचतात, हे त्याला माहीत होतं. "म्हातारा माणूस, एखाद दिवशी दात विसरला असेल."

"तुम्ही धोतर विसरून बाहेर पडाल का?"

सीतारामाने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं.

समाचाराला येणाऱ्यांपुढे महिपती आपली हकिगत रोज सांगत होता, आणि रोज ती थोडी वाढत होती. पहिल्या दिवशी आबा फिरायला गेले एवढंच होतं. मग आबांनी काठी घेतली. मग दारात थांबून गाईला हात लावला. मुक्ताबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शाळेत खोटी सबब सांगणाऱ्या मुलींची सबब अशीच वाढत जायची. एका दुपारी देहूरोडचे काही पाहुणे आले. त्यांच्यापुढे महिपतीने डोळे पुसले. "जाताना माज्याकडं वळून बगितलं," तो म्हणाला, "आनि हासले. ते नवे दात असे चमकले. अजून डोळ्यापुढं हाय."

पाहुण्यांनी उसासे टाकले. मुक्ताबाईंनी दारातून पलीकडच्या खिडकीतल्या वाटीकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली तेव्हा भामाबाईही तिकडेच बघत होती. दोघींची नजर भेटली आणि भामाबाईने पदर पुढे ओढला.

त्याच संध्याकाळी मुक्ताबाई फौजदाराकडे गेल्या. फौजदार तरुण होता, नुकताच बदलून आलेला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला.

"बाई, प्रेत जाळून झालंय. पंचनामा झालाय. आता मी कोर्टापुढे काय ठेवू? कवळी?"

"तो खोटं बोलतोय. पहाटे त्याने श्रीपतरावांना पाहिलेलंच नाही. मला विचाराल तर पहाटे श्रीपतराव जिवंतच नव्हते. हा खून आहे."

"खून कशासाठी?"

"श्रीपतराव लग्न करणार होते. तसं त्यांनी घरात सांगितलं होतं. लग्न झालं असतं तर जमीन महिपतीकडे गेली नसती."

"लग्न? त्या वयात? कोणाशी?"

मुक्ताबाईंनी कप बाजूला ठेवला. ते नाव त्यांच्या तोंडून निघेना. फौजदाराने त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं.

पण त्यांचं बोलणं वाया गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फौजदाराने घरी जाऊन चौकशी केली. महिपतीने सांगितलं की गोविंदाचं आणि आबांचं आदल्या दिवशी शेळ्यांवरून वाजलं होतं. प्रेत गोविंदालाच सापडलं होतं. फौजदाराला तेवढं पुरलं. ठाकरवाडीतून गोविंदाला हात बांधून नेलं, आणि त्याची बायको हिरी पोलिसांच्या मागे बाजारापर्यंत अनवाणी धावत आली.

मुक्ताबाईंनी ते स्वतःच्या ओसरीवरून पाहिलं. हिरी त्यांच्या दारावरून गेली, पण तिने वर बघितलं नाही. वर ओसरीवरची बाई चौकीवर काय बोलून आली ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मुक्ताबाईंना अन्न गेलं नाही. आजवर त्यांना एक प्रकारची धुंदी होती, ती उतरली. आपण खून हा शब्द उच्चारला आणि तो ज्याच्या अंगाला चिकटायला सोपा त्याला चिकटला. श्रीपतराव तर गेलेच होते. आता गोविंदा जाणार होता, तोही आपल्यामुळे. त्या पुन्हा चौकीवर गेल्या, तर फौजदार म्हणाला, "तुम्हीच खून म्हणालात ना, बाई?"

मग त्यांनी ठरवलं की भामाबाईशी एकटीशी बोलायचं.

ती संधी नवव्या दिवशी दुपारी मिळाली. महिपती दहाव्याचं सामान आणायला बाजारात गेला होता. सीताराम बाहेर ओट्यावर शिंकत बसला होता. भामाबाई भावाच्या खोलीत खिडकीपाशी उभी होती. वाटीतलं पाणी तिने बाहेर फेकलं, तांब्यातून ताजं ओतलं आणि कवळी पुन्हा त्यात ठेवली. जिवंत माणसाची ठेव असावी तशी.

"भामाबाई," मुक्ताबाई म्हणाल्या, "त्या दिवशी पहाटे ते घरातून गेले का?"

"मला काय ठावं न्हाई."

"गोविंदाला फाशी होईल."

भामाबाईने वाटी खिडकीत आत सरकवली. "बाई, मला ह्या घराबिगर कोन हाय? मी कुटं जाऊ?" एवढं बोलून ती थांबली, कारण दारात सावली पडली होती.

महिपती होता. हातात पत्रावळींचा गठ्ठा.

"बाई," तो म्हणाला, "लोकं समाचाराला एकदा येत्यात. तुमी रोज येता. लय माया." त्याने गठ्ठा खाली ठेवला. "धुकं उतरलंय. चला, तुमाला घालवतो."

"सीताराम आहे बरोबर."

"त्यांना मी फुडं लावलं. बाई माज्यासंगं येत्यात म्हनलं."

ओट्यावर खरंच कोणी नव्हतं. नाही म्हणायला सबब उरली नव्हती. घराबाहेर पडल्यावर महिपतीने नेहमीची वाट सोडली. "हिकडनं जवळ पडतं," तो म्हणाला. मुक्ताबाईंना माहीत होतं की इकडून जवळ फक्त कडा पडतो. हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं. पायाखालचं गवत ओलं होतं. कुठेतरी खाली खोल पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि तो मोठा होत होता. महिपतीने त्यांचा दंड धरला. आधाराला धरावा तसा, पण घट्ट.

"आबा लगीन करनार व्हते म्हनं," तो म्हणाला. "तुमाला ठावं आसंल, कोन ती?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तुमी फौजदाराला बोलला, म्हनून इचारलं."

मुक्ताबाईंचे पाय थांबले. आवाज मात्र त्यांनी वर्गात लावायच्या तसा लावला. "महिपती, तू माझ्या बहिणीच्या मुलाबरोबर शाळेत होतास. पावकी पाठ होत नव्हती तुझी. हात सोड. मला माझ्या पायांनी चालता येतं."

क्षणभर हात ढिला पडला, पण सुटला नाही. मुक्ताबाईंना पुढचं पाऊल टाकायला जमीन आहे की नाही तेही दिसत नव्हतं. श्रीपतरावांना काहीच कळलं नसेल तर बरं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

इतक्यात धुक्यातून एक प्रचंड शिंक आली. तिच्यामागून दुसरी. मग उघडलेली काळी छत्री आली आणि तिच्याखाली मफलर गुंडाळलेला सीताराम.

"बाई, मी पुढे जात होतो, पण वाट चुकली," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "किती वेळ फिरतोय. बरं झालं तुम्ही भेटलात. ही वाट तरी कुठली?"

"चुकलेलीच आहे," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सीतारामाचा हात असा काही पकडला की त्याला घरी पोचेपर्यंत तो सोडवता आला नाही.

घरी आल्यावर त्यांनी सीतारामाला चहा करून दिला.  मग म्हणाल्या, "उद्या दहावा. तुम्हाला एक काम करायचंय. नदीकाठी करवंदीची जाळी आहे तिच्यामागे बसायचं आणि छत्री उघडायची-मिटायची. कावळा पिंडाकडे आला की उघडायची. मी पदर डोक्यावरून काढला की थांबायचं."

सीतारामाने कप खाली ठेवला. "कावळ्याला अडवायचं? गेलेल्या जिवाला? बाई, पाप लागेल."

"ते माझ्या नावावर. तिथे गोविंदा कोठडीत बसलाय, सीताराम."

सीताराम रात्रभर झोपला नसावा, पण सकाळी वळवणच्या बाजूला नदीकाठी माणसं जमायच्या आधी तो जाळीत जाऊन बसला होता.

इंद्रायणीला पाणी चांगलं होतं. महिपतीचं डोकं गुळगुळीत केलेलं, मिशा उतरवलेल्या. त्याने गुरुजी सांगतील तसे सगळे विधी केले, धोंड्यावर पिंड ठेवला आणि मागे सरला. समोरच्या जांभळावर कावळे बसलेले होते. मुक्ताबाईंनी फौजदारालाही निरोप धाडून बोलावलं होतं. तो साध्या कपड्यांत, कंटाळलेला, मागे उभा होता.

एक कावळा खाली उतरला, पिंडाच्या दिशेने उड्या मारत गेला आणि एकदम फडफडत उडाला. दुसऱ्याचं तेच झालं. माणसं कुजबुजायला लागली.

"काहीतरी राहिलंय मनात," कोणीतरी म्हणालं. "महिपती, बोल बाबा."

महिपती हात जोडून पुढे झाला. "आबा, जमीन इकनार न्हाई," तो म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. "आत्याला सांबाळीन." एक उतरला आणि परत उडाला. महिपतीच्या कपाळावर घाम नव्हता, हात कापत नव्हते. मुक्ताबाई त्याच्यावर डोळे लावून बसल्या होत्या आणि त्यांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी सगळा डाव याच माणसावर लावला होता, आणि हा माणूस कावळ्याला भिणारा नव्हता. तो त्रासला होता, एवढंच.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा," तो म्हणाला. "लोकं किती येळ ताटकळायची?"

गुरुजींनी दर्भाला हात घातला. आता उशीर करून चालणार नव्हतं. मुक्ताबाई उठल्या, पिंडासमोर गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्रीपतराव, तुम्ही मला विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही. ते तुमच्या मनात राहिलं असेल तर मी इथे सांगते. मी हो म्हणणार होते."

माणसांनी माना वळवल्या. महिपती पहिल्यांदाच चमकून त्यांच्याकडे बघायला लागला. खरं तर हे बोलायचं ठरलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण खोटं बोललो नाही. त्या तिथेच खाली बसल्या आणि पदर काढायचं विसरल्या. जाळीमागे छत्री उघडत-मिटत राहिली. कावळे तसेच जांभळावर.

तेव्हा मागून एक आवाज आला, किरटा, फाटलेला. भामाबाई होती.

"न्हाई शिवायचा," ती म्हणाली. "दादाला माज्याकडून पायजे. मी बगितलंय."

"आत्या, गप," महिपती म्हणाला.

"दिवेलागनीला दादानं दात काडून ठेवले, खाटंवर पडला. तू आत गेलास. लगनावरनं बोलनं झालं. मग बोलनं थांबलं." ती पिंडाकडे बघून बोलत होती, महिपतीकडे नाही. "तू त्येला घोंगडीत गुंडाळून धुक्यात घेऊन गेलास. दादा वाळून काठी झालेला. खांद्यावर घेतलास. मी चुलीपाशी व्हते. मी हाक बी मारली न्हाई. दादा, मी हाक मारली न्हाई रे." ती होती तिथेच जमिनीला कपाळ टेकून बसली. "ती उशी मी माळ्यावर ठेवलीया. नखांनी फाडलीया दादानं."

महिपती तिच्याकडे झेपावला. तिला गप्प करायचं होतं की पाण्यात ढकलायचं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत. पण मध्ये करवंदीची जाळी होती आणि नेमका त्याच वेळी सीताराम, पाय आखडले म्हणून, उघड्या छत्रीसकट उभा राहिला. महिपती त्या छत्रीत शिरला. दोघेही काट्यांत पडले. सीताराम जिवाच्या आकांताने त्याच्या पायाला धरून ओरडत राहिला आणि फौजदाराला फक्त पुढे येऊन बेड्या घालायचं काम उरलं.

गडबडीत पिंडाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कावळा केव्हा शिवला ते गुरुजींनाही सांगता आलं नाही.

उशी माळ्यावर सापडली. फाटलेल्या अभ्र्यात श्रीपतरावांच्या नखाचा तुकडा होता. महिपतीला जन्मठेप झाली. भामाबाई साक्षीला उभी राहिली तेव्हा पुन्हा घाबरली, पण बोलली. काट्यांचे ओरखडे सीताराम पुढे महिनाभर गिऱ्हाइकांना दाखवत होता. त्याच्या हकिगतीत महिपतीच्या हातात कोयता आला होता.

मुक्ताबाईंचं मात्र एक काम राहिलं होतं. गोविंदा सुटला त्याच आठवड्यात त्या ठाकरवाडीला उतरल्या. वाट घसरडी होती, काठी टेकत जावं लागलं. गोविंदा झोपडीबाहेर कुंपणाच्या काठ्या तासत होता. कोठडीत त्याला मारलं होतं, डाव्या हाताची बोटं अजून सुजलेली होती. तो नव्हता तेव्हा त्याच्या दोन शेळ्या बिबट्याने नेल्या होत्या.

"गोविंदा, मी फौजदाराला खून म्हणाले म्हणून तुला नेलं," त्या म्हणाल्या. "हे तुला माहीत असावं."

गोविंदाने कोयती खाली ठेवली. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "फौजदारच बोलला."

मुक्ताबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शिकवण्यात गेली, पण अशा जागी लागणारं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं. हिरी आतून आली. तिने त्यांच्याकडे बघितलं, बसा म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि परत आत गेली.

"धनी चांगला व्हता," गोविंदा म्हणाला. त्याने दुखऱ्या हाताने काठी उचलायचा प्रयत्न केला, ती निसटली.

मुक्ताबाई खाली बसल्या आणि काठीचं दुसरं टोक धरलं. गोविंदाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तासायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत कुंपणाची एक बाजू उभी राहिली. निघताना हिरी दारात आली. "उद्या येनार व्हय?" तिने विचारलं, आणि मुक्ताबाई म्हणाल्या, "येईन."